गुरुवारचा हात

कार्डाचा खालचा कोपरा उन्हाने वळला होता आणि टाचणी नेमकी पहिल्या शब्दातून खुपसलेली होती, म्हणून सिरिल डंकलीने आधी खालच्या ओळी वाचल्या— हिरवी, १९७१ची, एकाच मालकिणीने वापरलेली, चालू स्थितीत— आणि मग गाडीचा नंबर. नंबर वाचल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. ग्लेनिसच्या पेपरच्या दुकानाच्या काचेत अशी कार्डं नेहमीच असायची : हरवलेलं मांजर, पियानो शिकवणारी बाई, भाड्याची खोली… दर गुरुवारी पेपर घ्यायच्या आधी तो सगळी वाचायचा, त्यातलं काहीच त्याला नको असायचं, पण पाच मिनिटं जायची. आज टाचणीखालचा शब्द ‘मिनी’ होता आणि नंबर त्याला स्वतःच्या टेलिफोन नंबरासारखा पाठ होता.

एकाच मालकिणीने. म्हणजे बाई होती, हे बरोबरच होतं आपलं.

“काय राजा, आत यायचंय का काचेलाच चिकटून राहणार?” ग्लेनिसने दारातून विचारलं.

“हे कार्ड कधी लावलंस?”

“सोमवारी. पुलापलीकडच्या विथर्सबाईंची गाडी. गेल्या ना बिचाऱ्या. छाती भरली म्हणून दवाखान्यात नेलं, त्या काही परत आल्या नाहीत. लेक आलीय घर आवरायला.” मग त्याच्याकडे नीट बघत ती म्हणाली, “तुझ्याकडे आहे ना एक? दोन-दोन काय करायच्यात? एका पायात एक घालून फिरणार आहेस?”

तो हसला. अशा वेळी हसावं लागतं. पेपर काखेत मारून तो आपल्या गाडीत येऊन बसला आणि दार ओढून घेतलं; पण किल्ली फिरवायचं काही त्याला सुचेना. समोरून बस गेली, मग दुधाची गाडी, मग पाण्याचे चार थेंब काचेवर पडले आणि थांबले.

विथर्सबाई. अकरा वर्षं तिला नाव नव्हतं आणि त्यावाचून अडलंही नव्हतं. दर गुरुवारी सकाळी अकराच्या आसपास तो नॉर्थफील्डच्या बाजाराकडे निघायचा आणि रेल्वेच्या पुलाशी समोरून ती यायची, हिरवी. दोन सेकंदं. पांढरे केस, निळसर कसलातरी कोट, आणि हात. बाकीचे मिनीवाले रस्त्यात एकमेकांना हात करतात तो वेगळा— कोणी चाकावरून दोन बोटं उचलतं, कोणी दिवे मिचकावतं— पण ती आख्खा तळवा पुढच्या काचेला टेकवायची आणि धरून ठेवायची, गाडी निघून जाईपर्यंत. मिनीत काच काय, नाकाला लागते. आणि सिरिल दोन बोटं उचलायचा, कारण त्याला तेवढंच यायचं… बायको, ऑड्री, गेल्यावर, म्हणजे सहा वर्षांमागे, अंत्यविधीनंतरच्या पहिल्या गुरुवारी तो घरातून उगाच निघाला होता, बाजारातून काही आणायचं नव्हतं, आणि पुलाशी तो तळवा दिसला तेव्हा त्याला गाडी कडेला घ्यावी लागली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोण होतं? मूलबाळ नाही. क्लबातले जुने सोबती एकेक करून यादीतून गळलेले. एखादा आठवडा असा जायचा की ग्लेनिस आणि ती, एवढीच दोन माणसं त्याची दखल घ्यायची, आणि ग्लेनिस तर सगळ्यांनाच राजा म्हणते.

तीन गुरुवार हिरवी आली नव्हती. पहिल्यांदा त्याला वाटलं गाडी बिघडली असेल; या गाड्या बिघडतातच. दुसऱ्यांदा वाटलं, सहलीला गेली असेल. तिसऱ्यांदा त्याने काही वाटू दिलं नाही, नुसताच पुलाखालून तीनदा गेला आणि आला. आता कळलं, आणि कळून करू काय? ऑड्रीच्या वेळी लोक आले, हॅमचे सँडविच खाल्ले, माझा हात हातात घेतला. हिच्यासाठी मी कोणाच्या दारी जाऊ? काय म्हणून? मला हात करणारी बाई गेली, असं सांगू? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं चळलं.

तरीही त्याने कार्डावरचा पत्ता वाचला होता, आणि हातांनी आपोआप गाडी तिकडे वळवली. गाडी मात्र त्याने अलीकडच्या कोपऱ्याला, हिरव्या कुंपणाआड लावली. मिनी असलेला माणूस मिनी विकत घ्यायला आला तर ‘का’ असा प्रश्न निघतो, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

कोपऱ्यापासून त्या घरापर्यंत चढ होता. चढताना त्याला धाप लागली आणि उगाच जुनं जुनं आठवू लागलं. एकोणसाठ साली तो एकवीस वर्षांचा होता, लाँगब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात, आणि सुएझच्या भानगडीत पेट्रोलवर रेशन आलेलं लोक अजून विसरले नव्हते, म्हणून थोड्या पेट्रोलची छोटी गाडी निघणार असं कुजबुजलं जात होतं. पहिली गाडी पट्ट्यावरून सरकत आली तेव्हा सगळे हसले होते. दहा फूट लांबी, चाकं जेमतेम ताटाएवढी, आणि इंजिन म्हणे आडवं बसवलंय! कोणीतरी म्हणालं, हिला दोरी बांधून पोराला द्या ओढायला. आणि मग चार महिन्यांत त्याच हसणाऱ्यांनी हप्ते भरायला सुरुवात केली, कारण आत बसल्यावर कळायचं— चार माणसं, कुत्रं, आणि दारांच्या पोकळीत थर्मास, केक, रेनकोट, काय वाटेल ते. बाहेरून डबी आणि आतून घर. सुइणी तीच चालवायच्या आणि लॉर्डही तीच. दोघांचे गुडघे सारखेच दुमडायचे. सिरिल डावी दारं बसवायचा. एकोणीस वर्षं डावी दारं. ऑड्री सगळ्यांना सांगायची, “माझ्या नवऱ्याला गाडीची उजवी बाजू माहीतच नाही.” बदामी गाडी त्यांनी चौसष्टला घेतली, बारमथला गेले, तीन दिवस पाऊस, तीन दिवस दोघं गाडीतच बसून समुद्र बघत होते, आणि ऑड्री म्हणाली, एवढ्याशा जागेत भांडणसुद्धा नीट करता येत नाही…

तेव्हा कोणी कोणाला हात करत नव्हतं. दर तिसरी गाडी मिनी. हात दुखून आला असता. ही रीत नंतरची— गाड्या गंजल्या, भंगारात गेल्या, दोन हजार साली शेवटची निघाली, कारखान्याच्या जागी घरं आणि दुकानं आली, आणि मग उरलेले एकमेकांना हात करू लागले. नव्या, फुगलेल्या मिन्या आहेत रस्त्यावर. एकीने एकदा त्याला हात केला होता, त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

दार उघडणारी पन्नाशीची बाई होती, बाह्या वर सारलेल्या, केसांत धूळ. “गाडीसाठी ना? मी लोरेन. या. आई गेल्यापासून तुम्ही तिसरे. पहिल्याला टप कापून काढायचं होतं, दुसऱ्याला नुसतं इंजिन हवं होतं. तुम्हाला काय कापायचंय?”

“काही नाही,” सिरिल म्हणाला.

हिरवी अंगणात उभी होती. थांबलेली ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. एकदम लहान वाटली. त्याने सवयीने डावं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. एकाहत्तर साल, म्हणजे मीच लावलेलं असेल. निम्मी शक्यता, दोन पाळ्या होत्या. लोरेनने बॉनेट उचललं आणि म्हणाली, “हे बघा, हे मला काही कळत नाही. आईने इंजिनात भांडी घासायचा हातमोजा का घातला असेल? मला वाटलं शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झाला.”

गुलाबी रबरी हातमोजा. पाच बोटांची टोकं कापलेली, प्रत्येकातून एक वायर बाहेर आलेली.

“डोकं ठिकाणावर होतं त्यांचं,” तो जरा तोडूनच म्हणाला. “पाऊस जाळीतून थेट इथे येतो आणि गाडी बंद पडते. वायरी पाच, बोटं पाच. आम्ही सगळे हेच करतो.”

“आम्ही म्हणजे?”

“म्हणजे… लोक करायचे. पूर्वी.”

त्याच्या गाडीत पिवळा होता. ऑड्रीचा.

“तुम्ही ओळखत होता का आईला?” लोरेनने विचारलं. सरळच विचारलं, काही संशय नव्हता त्यात.

आता सांगावं, असं त्याला वाटलं. वाक्य तयार होतं. मी बदामी गाडीवाला, दर गुरुवारी, पुलाशी. एवढंच तर. पण जिभेवर आल्यावर ते इतकं बारीक वाटलं की—

“नाही,” तो म्हणाला.

“गमतीची बाई होती. सगळ्यांना हात करायची हो. पोस्टमनला, कुत्र्यांना, उभ्या ट्रकला. शाळेत सोडायला यायची तेव्हा मी सीटखाली लपायचे.” ती हसली आणि हसता हसता नाक पुसलं. “चला, एक चक्कर मारून बघा. मी बसते बाजूला.”

सगळ्यांना. कुत्र्यांना. सिरिलने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, त्याच्या गाडीपेक्षा चांगलं. तुला काय वाटलं होतं, सिरिल? तुझ्याकरता राखून ठेवलेला होता तो हात? अकरा वर्षं तू दाढी करून निघालास गुरुवारी, टाय लावलास, आणि ती उभ्या ट्रकलासुद्धा… त्याला रडू नाही आलं, लाज आली. लोरेनच्या लहानपणच्या सीटखाली जागा असती तर तोही तिथे गेला असता. सीट जवळ ओढलेली होती, त्याचे गुडघे चाकाला लागत होते, आणि कसलासा लव्हेंडरचा वास होता, दोन सेकंदांत काचेपलीकडून कधीच न आलेला.

“डावीकडे घ्या,” लोरेन म्हणाली. “मग शाळेवरून उजवीकडे, आई तशीच जायची.”

शाळेच्या वळणावर समोरून एक लाल मिनी आली. सिरिलने ती आधी कधी पाहिली नव्हती; तिच्या रस्त्यावरची, तिच्या ओळखीची. आत एक दाढीवाला माणूस होता, तिशीचा. त्याने हिरवी पाहिली आणि त्याचा चेहरा असा फुलला, जणू कोणी आजारी माणूस बरा होऊन दारात चालत आलेला दिसावा. दिवे दोनदा मिचकावले, मग हात वर केला, आणि तीही दोन बोटं नव्हती— आख्खा तळवा, काचेला टेकवलेला. तिच्यासारखा. तिच्याकडून शिकलेला. सिरिलच्या उजव्या हाताने चाक सोडलं. दोन बोटं उचलायची ती उचललीच गेली नाहीत. तळवाच गेला काचेवर आणि तिथे राहिला, लाल गाडी निघून जाईपर्यंत. पांढरे केस, एक हात. पुढच्या काचेत त्या दाढीवाल्याला एवढंच दिसलं असणार. मघाच्या ढगातून आता ऊन तिरपं आलं होतं.

“कोण होता तो?” लोरेनने वळून बघत विचारलं.

“माहीत नाही.”

“मग हात का केलात?”

“त्याला वाटलं त्या बऱ्या झाल्या.”

लोरेन खिडकीकडे तोंड करून बसली, आणि जरा वेळाने तिने पिशवीत रुमाल शोधायला सुरुवात केली. सिरिलने हात खाली घेतला तेव्हा त्याला काचेवर, उजवीकडे खाली, उन्हात उठून आलेला डाग दिसला : कोणी काच पुसताना आतून पुसलीच नव्हती. धुरकट, एकावर एक शेकडो वेळा उमटलेला, लहान तळव्याचा. त्याच्या पंजाची ताजी कड त्या डागाच्या बाहेर बोटभर आली होती.

तो दाढीवाला घरी जाऊन सांगेल कोणाला तरी, हिरवी परत आली म्हणून. किंवा नाही सांगणार. त्यालाही कोणी नसेल. पुढच्या आठवड्यात तो वाट बघेल, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि मग दोनदोनदा त्याच वळणावरून जाईल… याला काय म्हणायचं, हे केलं ते बरं केलं की वाईट, सिरिलला ठरवता येईना. मघाची लाज मात्र कुठेतरी मागेच राहिली होती. तिच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, जड, पण सोसण्याजोगं.

“इथून घराकडे वळायचं,” लोरेन म्हणाली. “कशी वाटली? घेणार का?”

“पुलापर्यंत जाऊन येऊ का?” त्याने विचारलं.

“रेल्वेच्या? जाऊ की. गुरुवारी तिथूनच जायची ती, पायाची नखं कापून घ्यायला. घराजवळ आहे की तसलं दुकान, पण नाही. म्हणायची, पुलाखालूनच जायचं. का ते कधी सांगितलं नाही.”

सिरिलने गिअर बदलला. घड्याळ नसलं तरी अकरा वाजून गेलेत हे त्याला कळत होतं. उतार सुरू झाला, डावीकडे चर्चची भिंत, मग पुलाची काळी कमान, आणि कमानीतून दिसणारा पलीकडचा रस्ता— नेहमीचाच, पण उलटा, या बाजूने कधी नीट न बघितलेला. म्हणजे इथून दिसत होतो मी. अंधारातून उजेडात येणारी एक बदामी गाडी, आत टाय लावलेला म्हातारा, दोन बोटं. एवढाच. हे बघायला एक बाई लांबच्या रस्त्याने येत होती, की नखं कापायला जाता जाता ट्रकासारखा मीही लागत होतो मधे, ते आता कोणाला विचारायचं? त्याची गाडी मागे कुंपणाआड रिकामी उभी होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने वेग कमी केला, तळवा वर नेला, काचेवरच्या त्या डागापर्यंत, आणि कमानीपलीकडे बघत राहिला.