रावजीच्या खिशातली चिप

मी मोबाइलच्या पोटातली चिप बोलतेय. आहे नखाएवढी, पण माझ्यावाचून तो मोबाइल नुसता खुळखुळा.

घराणं एआरएम नावाच्या चिपांचं. आमची मूळ बाई १९८५ साली इंग्लंडात, केंब्रिजला जन्मली. आमची रीत एकच: हुकूम थोडे, साधे, आणि झटपट उरकायचे. खाणं चिमणीएवढं. त्या पहिलीला म्हणे वीज जोडायचीच राहिली, तरी आजूबाजूच्या तारांतून गळणारी वीज चाटून ती चालली. आधी शाळांच्या संगणकांत बसलो, मग जगभरच्या मोबाइलांत. आणि मी कुठे? डोंगरावरच्या कुडपण गावात, रावजीच्या खिशात.

२००५ साली मुंबईच्या भावाने त्याला हा मोबाइल दिला. बोललं की आतलं झिजतं, ही रावजीची अक्कल. म्हणून फोन बंद, प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या खिशात. पोलादपूरच्या बाजारात, लग्नाकार्यात छाती काढून मिरवायचा. माझ्यासारखीला उपाशी झोपवून हा मोठा झाला!

त्याची धाकटी लेक सोनाली मुंबईला सासरी. पहिलटकरीण, आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून रावजीने फोन करून तिला रविवारी बोलावलं. तेव्हा बरी मी झिजले नाही. बायको आवडी नको म्हणत होती. थोरली मीना अशीच बाळंतपणाला आली, अडली, आणि गाडीरस्ता नाही म्हणून डोलीतून डोंगर उतरवताना वाटेतच गेली. रावजी म्हणाला, लोक तोंडात शेण घालतील.

शनिवारी तो आंघोळीला बसला. आवडीने सदऱ्यातून मला काढलं, चालू केलं आणि सड्याच्या, गावामागच्या कातळपठाराच्या, कडेला पळाली. रेंज तिथेच यायची. तिला अक्षर येत नव्हतं. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा लावलेला नंबर पुन्हा लागतो, एवढं तिने बघून ठेवलेलं.

"सोना, येऊ नको गो. तिथंच दवाखान्यात बाळंत हो."

"पहिल्या खेपेला माहेर बंद करतेस, आई?"

"मीनाला नेली त्या वाटेवर तुला नाय चढू द्यायची मी."

तिकडून फोन कापला. मागून रावजी ओल्या अंगाने आला. "झिजवलास ना फोन?"

"झिजू दे. पोर उरंल."

सोनाली आली नाही. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं. मुंबईत होती म्हणून बाटल्या चढल्या, वाचली. मुलगी झाली. पण आईशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता मी आवडीच्या कमरेला असते, दिवसभर चालू. रावजीने एकदा हात घातला, पुन्हा घातला नाही. ती रोज सड्यावर जाऊन फोन लावते. सोनाली उचलते, बोलत नाही, पोरीच्या तोंडाशी धरते. पोरगी बडबडते. आवडी ऐकत उभी राहते.

माझी बॅटरी फुगलीय, फार दिवस नाहीत. माझ्यामागे दुसरा फोन आणाल, तो तिच्याच हातात द्या. नुसता खिशात मिरवणाऱ्यांना लाकडाचा तुकडाही पुरतो.