आठ मापं आणि नऊ मापं

मित्रांनो, मी डिझेलवर चालणारी एक जुनी मोटरसायकल आहे. आता हसू नका. ट्रक डिझेलवर चालतो, एस.टी. चालते, पण मोटरसायकल कशी चालेल, असं विचारणारे शहाणे मला पोलादपूरच्या नाक्यावर रोज भेटत. त्यांना मी काळ्या धुराचा एक भपकारा सोडून उत्तर देत असे.

माझं इंजिन म्हणजे शेतातल्या पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचं सख्खं भावंड. वेग बेताचा, आवाज मलाच लाज वाटावी इतका दणदणीत आणि थरथर अशी की माझी नंबरप्लेट दोनदा महामार्गावर गळून पडली. स्कूटरवरच्या मास्तरीणबाई मला मागे टाकून हसत पुढे गेल्या आहेत. पण मागे पावांची भरलेली पेटी घेऊन, घाट चढून, मी एका लिटरमध्ये सत्तरच्या वर किलोमीटर जात असे. हा आकडा ऐकला की हसणाऱ्यांची तोंडं मिटत.

१९९४ साली महाडच्या अब्बासभाईंनी मला घेतलं. चवदार तळ्याजवळच्या एका गल्लीत त्यांची आणि त्यांच्या बेगम नुरजहाँबींची छोटी बेकरी होती. पोलादपूरच्या पुढे डोंगरात एका घाटरस्त्यावर तीन वाड्या होत्या. तिथे पेट्रोल जाळून पाव विकायला जाणं कुणालाच परवडत नसे. मी आले आणि ते परवडायला लागलं. आम्ही आधी थेट सर्वांत वरच्या वाडीत जायचो आणि उतरताना खालच्या दोन वाड्या करायचो. वाडीत पोचलो की लोक अंगणात उभेच असायचे. वरच्या वाडीतल्या साळूबाईंच्या चुलीवर तर चहाही तयार असायचा. मला वाटायचं, माझ्या मायलेजचा हा सत्कार आहे.

मला सुरू करणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. हँडलजवळची छोटी खुट्टी दाबून आधी इंजिनाचा दाब सोडायचा, मग किक मारायची. घाई केली की मी उलटी लाथ मारायचे. अब्बासभाई दर रविवारी माझे सगळे नट आवळत आणि फिल्टर धूत. हवा कमी असेल तर टायरवर नुसती थाप मारून त्यांना कळे. फार लाड झाले माझे.

सात वर्षांनी त्यांचा मुलगा उझैर मस्कतहून कायमचा परत आला. त्याने नवीकोरी, पेट्रोलवर चालणारी मोटरसायकल आणली. ती सुरू आहे की बंद, हेसुद्धा कान देऊन ऐकावं लागे. दोन दिवसांत त्याने माझा निकाल लावला.

"अब्बा, या डबड्याला अझीमकडे भंगारात देऊन टाकू. माझी गाडी एवढंच तेल खाते, आणि टाइम निम्मा."

"माझी गाडी जास्त चालते," अब्बासभाई म्हणाले.

"मग मोजा ना," नुरजहाँबी आतून ओरडल्या. "दोघं बाप-लेक माझं डोकं खाऊ नका. जी जास्त पिईल ती जाईल."

ठरलं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, तीच पेटी घेऊन पासष्ट किलोमीटरचा तोच फेरा मारायचा आणि परत आल्यावर टाकी पुन्हा भरायला किती मापं लागतात ते पाहायचं. माप म्हणजे नुरजहाँबींचं रॉकेलचं जुनं शंभर मिलीलीटरचं माप. मंगळवारी मी गेले. पेटी रिकामी करून आलो. नऊ मापं लागली.

बुधवारी उझैर गेला. त्याने उतारावर सगळीकडे इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती घरंगळत सोडली. त्याला आठच मापं लागली.

मी हरले, मित्रांनो. त्यात उझैरची पेटी जवळजवळ भरलेलीच परत आली होती. तो म्हणाला, "कोण येतच नाय अब्बा पाव घ्यायला. हॉर्न मारला, थांबलो, पुढे गेलो. हा फेरा आता बंदच करा."

अब्बासभाई रात्री नीट जेवले नाहीत. गाडी तर जाणारच होती, आता वाड्याही जाणार होत्या.

गुरुवारी ते म्हणाले, "लोकांना सांगून येतो. शेवटचा फेरा." उझैर पावांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसला. घाटाच्या पहिल्या वळणावर मी नेहमीसारखी धडधडू लागले. वर पोचलो तर अंगणात आठ-दहा माणसं उभी, कुणाच्या हातात विळा, कुणाच्या पायाला चिखल. साळूबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या.

"काल कुठं मेला होतास रे अब्बासभाय? पोरं पावासाठी रडली!"

"काल हा आला होता की, माझा उझैर."

"कवा? आवाजच नाय आला! तुझी गाडी खालच्या वळणावर वाजली की आमी शेतातनं निघतो. तू चढून येईस्तोवर आमी घरी पोचतो, चहा उकळतो. हा आला नि गेला, आमाला काय सपान पडलं?"

उझैर मान खाली घालून चहा प्यायला. मीही मनातल्या मनात शरमले. इतकी वर्षं ज्या मायलेजचा मी तोरा मिरवला, त्यासाठी ही माणसं अंगणात येत नव्हतीच. ती माझ्या आवाजाला येत होती, आणि त्याच आवाजाची मला लाज वाटायची!

परतताना उझैर म्हणाला, "अब्बा, मी चालवतो." उताराच्या तोंडाशी त्याचा हात सवयीने इंजिन बंद करायला गेला. तिथेच थांबला. त्याने मला दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं आणि धडधडत खाली सोडलं. वळणापलीकडच्या मधल्या वाडीत बांधावरची बाई खुरपं टाकून घराकडे निघालेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

त्या दिवशी पेटी दुसऱ्याच वाडीत रिकामी झाली. तिसऱ्या वाडीच्या शिव्या खाव्या लागल्या.

तेव्हापासून रविवारी माझे नट उझैर आवळतो. नंबरप्लेट तरीही एकदा पडली. मित्रांनो, तुमच्या गाडीचं तेल जरूर वाचवा. हवा तपासा, फिल्टर धुवा, चढावर तिचा जीव काढू नका आणि उतारावर इंजिन बंद करू नका, गिअरमध्ये मी तशीही फार खात नाही. आणि जुनी गाडी मोडीत काढण्याआधी तिच्यावर बसून तिच्या नेहमीच्या रस्त्याने एकदा जाऊन या. कोण कोण घराबाहेर येतं, तेवढं मोजा.