पहिल्या तासाची साक्ष

वर्नेल टिलमनला आपल्या मुलीनं झाडं शिकावीत असं वाटत होतं. झाडं, बेडूक, मासे, काय हवं ते. माणसाचं शरीर सोडून काहीही.

कारण तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत तिचा नवरा रूफस गेला, तेव्हा हॉस्पिटलमधला एक तरुण डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मेंदूत गुठळी अडकली होती, मिसेस टिलमन. पहिल्या तासा-दोन तासांत आणलं असतं तर औषध होतं. आणायला फार वेळ गेला." वर्नेलनं मान हलवली, पर्स उचलली आणि बाहेर येऊन मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "प्रभूनं बोलावलं त्याला, बाळा. कोणाच्या हातात काही नव्हतं."

या एका वाक्याच्या आधारावर तिची कझाया उभी होती. रडली, जेवायला लागली, चर्चला यायला लागली, आणि उन्हाळा संपता संपता म्हणाली की मी नर्स होणार.

ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात विषय निवडायचा आठवडा आला. सकाळी मायलेकी मक्याच्या भरड्याच्या ग्रिट्स खात बसल्या होत्या.

"जीवशास्त्र घे की साधं," वर्नेल म्हणाली. "पानं, मुळं. पुढं शाळेत शिकवशील. तुझ्या बापाला किती आवड होती टोमॅटोची!"

"खायची आवड होती त्यांना. लावायचीस तू."

"तेच म्हणते मी. घरात आहे ते."

"आई, माझ्या हातात काय आहे ते सगळ्या चर्चला माहीत आहे," कझाया म्हणाली. "चल, मिसेस डॉर्सी अकराला भेटणार आहे. आणि तिथं टोमॅटोचा विषय काढू नकोस."

मिसेस डॉर्सी म्हणजे कॉलेजात मुलांना विषय निवडून देणारी बाई. मेथडिस्ट, म्हणजे आमच्याहून वेगळ्या चर्चची. मेथडिस्टांचं प्रवचन अंडं उकडायच्या आत संपतं असं वर्नेल नेहमी म्हणायची, आणि या बाईशी बोलणंही तसंच झटपट संपेल अशी तिला भीती होती. पण मिसेस डॉर्सीनं दोघींना बसवलं, बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि चष्मा चढवून शाळेचे गुण नीट वाचले.

"हे बघ कझाया. नर्सिंगला जायचं तर मानवी शरीररचना लागतेच. एरवी मी आधी मूलभूत जीवशास्त्र घ्यायला सांगते, पण तुझे शाळेतले गुण चांगले आहेत. तू थेट शरीररचनेला बसू शकतेस. सकाळच्या वर्गात अजून जागा आहे."

"आधीचंच घेऊ दे ना," वर्नेल मध्येच म्हणाली. "घाई कसली? ते झाडांचं आहे ना एक? वर्षभर झाडं करू दे."

"झाडांचं घेतलं तर नर्सिंगला ते धरत नाहीत, मिसेस टिलमन. दरवर्षी पोरं तिथंच फसतात. जीवशास्त्र हा शब्द दिसला की सोपं ते घेतात, आणि वर्ष गेल्यावर माझ्यासमोर येऊन रडतात."

"हिला रक्त बघवत नाही."

"आई! दोन उन्हाळे मी कॅटफिशच्या कारखान्यात मुंडकी उडवलीत!"

"ते मासे होते."

"त्यांना काय लिंबाचं सरबत असतं आत?"

मिसेस डॉर्सी इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वर्नेल हसली नाही. तिचं लक्ष मिसेस डॉर्सीच्या बोटांकडे होतं. त्या बोटांनी कझायाचं नाव शरीररचनेच्या वर्गात घातलं. झालं.

"एक सांगून ठेवते," मिसेस डॉर्सी उठता उठता म्हणाली. "प्राध्यापिका हार्मन पहिल्या तासाला प्रत्येकाला उभं करते. तू इथं का आलीस, एवढंच विचारते. कॉलेजात यायच्या आधी सगळा जन्म तिनं मेंदूच्या रुग्णांची नर्स म्हणून काढला आहे. तिच्यापुढे गुळमुळीत चालत नाही. काय सांगायचं ते ठरवून जा."

"ठरवायचं काय त्यात?" कझाया म्हणाली. "माझ्याकडे साक्ष आहे. दर बुधवारी चर्चमध्ये उभी राहून देते ती."

गाडी कॉलेजमागं, अक्रोडासारखी फळं येणाऱ्या पेकनच्या झाडाखाली लावलेली होती, तरी आत भट्टी झाली होती. कझायानं एसी लावला, गाडी मात्र हलवली नाही. आरशात बघून केस नीट केले.

"ऐकतेस? वर्गात असं सांगणार आहे." तिनं घसा साफ केला. "मी कझाया टिलमन. माझे डॅडी स्कूल बस चालवायचे. एकदम गप्प माणूस. आमच्या चर्चमध्ये पवित्र आत्मा उतरला की लोक नाचतात, धावतात, रडतात. माझे डॅडी हाताची घडी घालून बसायचे. माझ्या आईनं सगळा संसारभर एकच प्रार्थना केली, की प्रभो, या माणसाला एकदा तरी हलव."

हे खरं होतं. आम्ही चर्चमधली माणसं रूफसची चेष्टा करायचो. बस पार्क करून आलाय, आता हलणार नाही, असं म्हणायचो. तो हसायचा.

आणि त्या रविवारी आम्ही सगळे तिथं होतो. आमचे पाळक एल्डर गिलक्रीस्ट आधी नुसतं बोलतात. घरातल्यासारखं, कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग केव्हा तरी वाक्याच्या शेवटी श्वास अडतो, त्या श्वासाला ऑर्गन हळूच एक सूर लावतो, पुढचं वाक्य त्या सुरावर चढतं, आणि मग बोलणं उरत नाही, गाणं होतं. बाकांमधून 'हो, सांगा, एल्डर' असा जबाब उठतो. आठवडाभर कारखान्यात, शेतात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून दुखणारे पाय तेवढ्यापुरते आपले राहत नाहीत. त्या दिवशी एल्डर बायबलातली तळ्याकाठी पडलेल्या लंगड्याची गोष्ट गात होते. इतकं सुंदर ते कधीच गायले नव्हते. त्या गाण्यात देव नव्हता असं मला कोणी सांगू नये. होता. म्हणून तर पुढचं सोसायला जास्त जड जातं.

"गाणं अगदी शिगेला पोचलं होतं," कझाया सांगत होती, "आणि डॅडी उभे राहिले. उजवा हात वर. डावा तसाच खाली लोंबत. तोंड एका बाजूला गेलं होतं, आणि ते बोलायला लागले. माणसाची नाही अशी भाषा! आत्म्यानं दिलेली. सगळं चर्च उठून उभं राहिलं. मग ते खाली कोसळले. त्या दिवशी नर्सची पाळी माझी होती. म्हणजे चर्चची नर्स, पांढऱ्या कपड्यातली. आत्म्यानं पाडलेल्या माणसाला लागू नये, उघडं पडू नये, एवढं बघायचं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चादर घातली, वारा घातला. ब्रदर अमोस उचलायला आले तर मी हात आडवा केला. म्हटलं, प्रभूचं काम चाललंय, कोणी हात लावू नका. शेवटच्या आशीर्वादापर्यंत मी जागची हलले नाही. दोन दिवसांनी डॅडी गेले. एल्डर म्हणाले, कझाये, तुझे हात देवानं आजारी माणसांसाठीच घडवलेत. म्हणून मी इथं आले."

ती आईकडे वळली. "कसं वाटलं? लांबलं का?"

वर्नेलला ती वर्गाची खोली दिसत होती. पोरांनी भरलेली. पुढं ती हार्मन नावाची बाई, जन्मभर मेंदूचे रुग्ण सांभाळलेली. लोंबणारा हात ऐकताच तिला कळेल. तोंड एका बाजूला गेलं म्हटल्यावर ती खाली बघेल. आणि आपली मुलगी मान ताठ करून सांगत राहील, मी कोणाला हात लावू दिला नाही.

"हे असं सांगू नकोस तिथं," वर्नेल म्हणाली.

"का? देवाचं नाव काढायचं नाही का कॉलेजात?"

"गाडी बंद कर, बाळा."

"एसी बंद होईल."

"होऊ दे."

कझायानं किल्ली फिरवली. मग वर्नेलनं तिला डॉक्टरचं सगळं सांगितलं. खुर्ची ओढून बसला होता ते, गुठळी म्हणाला ते, औषध होतं म्हणाला ते. वाकडं तोंड, लोंबता हात, जड जीभ, सगळं त्या गुठळीचंच होतं म्हणाला तेही. तिला वाटलं होतं हे सांगताना आपण रडू. रडू आलं नाही. भाजीचा भाव सांगावा तसा आवाज निघाला.

कझाया समोरच्या काचेतून बघत राहिली. मग हळूहळू, एकेक गोष्ट हातात घेऊन बघावी तशी म्हणाली, "ते पडले तेव्हा प्रवचन अर्धंच झालं होतं."

"हो."

"मग दान गोळा झालं. मग गायकवृंदाची दोन गाणी. मग आजाऱ्यांसाठी प्रार्थना." ती थांबली. "आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आई. नावं घेऊन. सिस्टर प्रुइटच्या गुडघ्यासाठीसुद्धा. आणि ते तिथं खाली पडले होते."

"बाळा."

"अमोस उचलत होते त्यांना."

"तुला काय ठाऊक होतं? मला काय ठाऊक होतं? हालेलुया म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले. मला वाटलं माझी प्रार्थना ऐकली गेली."

"तू नर्स नव्हतीस."

"तूही नव्हतीस! पांढरे कपडे घातलेली पोर होतीस तू. माझी पोर."

गाडीत श्वास घेववत नव्हता, तरी कोणी काच खाली केली नाही. एक पेकन टपावर पडलं आणि घरंगळत गेलं.

"तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं."

"हो."

"दर बुधवारी मी उभी राहून ही साक्ष दिली. तू पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणालीस."

"म्हणाले." वर्नेलनं मुलीचा हात धरायला हात पुढं केला आणि मध्येच मांडीवर ठेवला. "काय करू मग? बाप गेला होता तुझा. तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं. ते मी कसं काढून घेऊ?"

 कझायानं वळून आईच्या तोंडाकडे बघत विचारलं, "मग ते बोलत काय होते?"

"मला वाटलं देवाशी बोलतोय."

"माझ्याकडे बघत होते. मांडीवर डोकं होतं त्यांचं. माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच. आणि मी वारा घालत म्हणत होते, हो डॅडी, बोला, थांबू नका, बोला."

  आता मात्र वर्नेलला रडू आलं. तोंडावर पर्स धरून ती रडली. कझायानं तिच्या पाठीवर हात ठेवला. चर्चमध्ये कोणाला भरून आलं की ठेवते तसाच, सपाट, न थोपटता. थोड्या वेळानं काढून घेतला.

"मिसेस डॉर्सी अजून असेल आत," वर्नेल नाक पुसत म्हणाली. "मी जाऊन सांगते. नाव काढून टाकेल ती. झाडं घे. नाहीतर या वर्षी काहीच घेऊ नकोस. घरी बस माझ्याजवळ."

"नाही."

"कझाया, त्या पुस्तकात पानापानावर तुझा बाप भेटेल तुला."

"भेटू दे. एकदा तरी कळू दे मला काय म्हणत होते ते." तिनं किल्ली फिरवली. गरम वारा दोघींच्या तोंडावर आला. "त्या हार्मनबाईनं उभं केलं तर माझं नाव सांगेन आणि म्हणेन, नर्स व्हायचंय. एवढंच."

"एवढं पुरे."

"आणि मी घरी आले की काय शिकले ते विचारायचं नाही, आई. कधीच."

"नाही विचारणार."

गाडी फाटकातून बाहेर पडून हायवेला लागली. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, मध्येच माशांची तळी. रूफसची बस जिथं वळायची तो फाटा आला आणि मागं गेला. दोघीही त्या बाजूला बघत नव्हत्या. मग कझाया म्हणाली, "या वर्षी मी लुडेल आत्याकडे राहीन म्हणते. तिथून कॉलेज जवळ पडतं."

लुडेल रूफसची बहीण. तिचं घर नदीपलीकडं होतं. तिथून कॉलेज दुप्पट लांब होतं, शिवाय पूल. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"बरं," वर्नेल म्हणाली. थोडा रस्ता गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "उशी आपली ने. लुडेलकडच्या उशा म्हणजे दगड नुसते."

"नेईन."

"आणि रविवारी चर्चला?"

कझायानं मागून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला गाडी हळू केली. ट्रक गेला. धूळ बसली. तिनं एसीची झडप आईच्या तोंडाकडे वळवली आणि गाडी पुन्हा वेगात घेतली.