गोधडीखालची ऊब

धुळ्याच्या रतिलालने सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याची जुनी परदेशी मोटार घेतली आणि अख्खी गल्ली बघायला लोटली. कौतुक मोटारीचं कमी, पुढच्या सीटचंच जास्त. एक बटण दाबलं की सीट मागेपुढे सरकायची, दुसरं दाबलं की तापायची. पहिल्याच दिवशी रतिलालने मागे न बघता बटण दाबलं आणि बायकोचा, बेबाबाईचा, गुडघा सीटमागे चेमटला. तेव्हापासून बेबाबाई शब्दकोश घेऊन गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचायला बसली. दहावी पास होती ती, उगाच नाही!

"गाडी वाचीसन चालस का?" रतिलाल हसला.

मार्गशीर्षातल्या थंडीत तिघं नशिराबादला निघाली. रतिलालची बहीण पुष्पा दुसऱ्या खेपेला सासरीच बाळंत झाली होती, आणि तिची आई झुंबरबाई महिनाभर नातवाला न्हाऊ घालायला तिकडे राहणार होती. पण म्हातारी सीटपाशी येऊन अडली.

"हाई कातडं कशानं शे?"

रतिलाल सीट चाचपून बघू लागला. आंघोळ-देवपूजा करून तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायला निघालेली बाई कसल्याशा जनावराच्या कातड्यावर बसेल होय? शेवटी घरातून गोधडी आली, चौघडी करून अंथरली, तेव्हा झुंबरबाई आत बसली. माय बसली म्हणून रतिलाल खूश, त्याने लगेच सीट तापवली.

मागे बसलेल्या बेबाबाईला वाचलेलं आठवलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, या सीटवर काही अंथरू नका, उष्णता कोंडते. आणि ज्याच्या कातडीला गरम कळत नाही त्याने हे बटण लावूच नका. सासूला साखरेचा आजार होता. दिवाळीत तिचा पाय बंबाला टेकून हा एवढा फोड आला, तरी तिला पत्ता नव्हता. बेबाबाईनेच मलम लावलं होतं, पण "रत्याले सांगशी ते मनी आन शे," अशी शपथ घालून म्हातारीने तिचं तोंड बांधून टाकलं होतं.

पारोळा मागे पडलं. "आखो कर रे भाऊ, काहीच लागत नही," झुंबरबाई म्हणाली. रतिलालने बटण दाबून ऊब शेवटपर्यंत वाढवली. थोड्या वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा बेबाबाईने पुढे वाकून गोधडीखाली हात सारला आणि चटका बसून मागे ओढला.

"गाडी उभी करा! माले उलटी व्हई राहिनी!"

रतिलाल घाबरून ढाब्यावर पाणी आणायला धावला. बेबाबाईने बटण बंद केलं, सासूला खाली उतरवलं आणि दाराच्या आडोशाला लुगडं सरकवून पाहिलं. मांडी लालबुंद झाली होती. फोड नव्हता, देवाची कृपा.

"आत्याबाई, आते त्यासले सांगनंच पडी."

"सांग! बठ्ठासले सांग, आख्खा गावले सांग!" झुंबरबाई कडाडली, आणि लगेच तिचा आवाज खाली आला. "मंग पोरले मना हातमा कोन दी?"

बेबाबाईला भडभडून आलं. म्हातारी हट्टी आहे, मानी आहे, असंच ती इतके दिवस समजत होती. तिला वाटलं, आता शपथ मोडू नये. मग बाळाच्या न्हाणीतलं कढत पाणी तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती चटका बसलेलं बोट चोळू लागली.

झुंबरबाई तिच्याकडे बघत होती. सुनेचं भाजलेलं बोट तिने आपल्या हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग स्वतःच्या मांडीकडे पाहिलं.

रतिलाल लोटा घेऊन धावत आला तेव्हा तीच पुढे झाली.

"भाऊ, बेबाले महिनाभर मनासंगे ठेव. पोरले मी न्हाऊ घालसू, पन पानीमा हात पहिले ती घाली. माले गरम समजत नही रे."