सहज तुटलेलं सील

मित्रांनो, कागद कापायच्या कटरशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. मी दोन फूट लांब दांड्यांचा, जुना, लोखंडी कटर आहे. परदेशांतून जहाजाने आलेले कंटेनर ज्या गोदामात रिकामे होतात, तिथे तीन नंबरच्या दाराजवळ एका खिळ्यावर मी राहतो. प्रत्येक कंटेनरच्या कडीत बोटाएवढं जाड पोलादी सील असतं. ते एकदा बसलं की किल्लीबिल्ली काही चालत नाही. ते तोडावंच लागतं, आणि तोडणारा मी!

कारखान्यात भट्टीत तापवून, ठोकून ठोकून माझी पाती केली. तेव्हा फार कळवळलो, आता त्याचाच अभिमान वाटतो. पुढे मी ताईंच्या हाती आलो. ताई म्हणजे आमच्या मुकादमबाई. आधी सीलचा नंबर कागदाशी पडताळायचा, मग सील ओढून, पिळून बघायचं, तेव्हा कुठे मला हात लावायचा, ही त्यांची शिस्त. तुटलेले तुकडेही कंटेनर रिकामा होईपर्यंत त्यांच्याच खिशात.

"ताई, भंगाराचा धंदा काढलात की काय?" लोक चिडवायचे.

"हसा, हसा," म्हणत ताई तुकडे खिशात टाकायच्या.

मग आमच्या गोदामाच्या साहेबांनी एक नवी डबी आणली. काडेपेटीएवढी असेल. माल भरतानाच कंटेनरच्या आत चिकटून बसते आणि कंटेनर कुठे आहे, आत उजेड कधी पडला, याची नोंद ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब तिचं कौतुक ऐकवायचे. माझ्या वीस वर्षांच्या सेवेबद्दल मात्र अवाक्षर नाही! खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

एका दुपारी नवा ड्रायव्हर आला. आठ महिने घरी बसल्यावर मिळालेली नोकरी आणि ही तिसरीच खेप. आदल्या सकाळी बंदराच्या आवारातून त्याने कॅमेऱ्यांचा कंटेनर उचलला होता. नंबर जुळला. सील ओढलं, पिळलं, घट्ट होतं. ताईंनी माझ्या दांड्या दाबल्या आणि काय सांगू, मुळा चिरावा तसं सील तुटलं!

एरवी ताईंना अंगाचा सगळा भार टाकावा लागतो आणि माझी बिजागरी चांगली कुरकुरते. या वेळी ना भार, ना कुरकुर. ताई थबकल्या. दाराला त्यांनी हातच लावला नाही. शेजारच्या दारावर सकाळपासून रिकामा होत असलेल्या कंटेनरच्या सीलचा तुकडा त्यांच्या खिशात होता. तो काढून त्यांनी या तुकड्याशेजारी धरला. रंग तोच, पण याचं टोक नरम धातूसारखं चेपलं होतं.

"साहेबांना बोलवा," त्या म्हणाल्या. "हे सील नकली आहे. सगळ्यांसमोर उघडू."

दार उघडलं. खोक्यांची पहिली रांग नीट, आणि तिच्यामागे सगळं मोकळं.

साहेब ड्रायव्हरकडे वळले. "वाटेत कुठे थांबला होतात?"

"जेवायला, साहेब. अर्धा तास."

झालं! सगळ्यांच्या नजरा बदलल्या. "मुलांची शपथ, मी दाराला हात लावला नाही," एवढंच ड्रायव्हर म्हणाला. मला त्याची फार दया आली. सील नकली आहे हे मी सांगितलं, पण ते लावलं कोणी, हे मला कुठून कळणार?

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या त्या डबीला विचारा की! तीच तर आत बसून आलीय."

साहेबांनी कपाळावर हात मारला. गाडी पोचली का, एवढंच सगळे रोज बघायचे. उजेडाची नोंद कोणी उघडलीच नव्हती. आता उघडली. परवा दुपारी, बंदराच्या आवारात, चाळीस मिनिटं उजेड! तेव्हा ड्रायव्हरने हा कंटेनर पाहिलाही नव्हता. त्याच्या जेवणाच्या अर्ध्या तासात आत मिट्ट काळोख होता.

ड्रायव्हर पायरीवर बसून रडू लागला. साहेबांनी स्वतः त्याला पाणी दिलं, माफीही मागितली. डबीवरचा माझा राग त्याच दिवशी गेला.

मित्रांनो, आता मी सुखात आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की जुन्या हत्यारांना ओलाव्यात टाकू नका, वेळेवर तेल घाला आणि त्यांचा आवाज बदलला तर जरा थांबा. तो ड्रायव्हर आता दर आठवड्याला येतो आणि सील तुटेपर्यंत ताईंच्या शेजारी उभा राहतो. परवा एक कामगार माझ्या बिजागरीवर तेलाची अख्खी बाटली ओतायला निघाला, तर तोच धावत आला.

"बेताने हं!" तो म्हणाला. "याची कुरकुर ऐकल्याशिवाय मला घरी जाववत नाही."