टायरच्या चपलेने पाहिलेलं गेंट

मित्रांनो, मी एक जुनी टायरची चप्पल आहे. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, पण उजवी पहिल्यापासून अबोल. म्हणून सांगायचं काम माझ्यावर, म्हणजे डावीवर येतं.

घुग्घुसच्या खाणीतला कोळसा वाहून एका ट्रकचा टायर झिजला. त्याचा तुकडा मूल गावच्या बाजारात चपला शिवणाऱ्या लटारूच्या हाती लागला. त्याने तो कापला, वर चामड्याचे पट्टे बसवले, खिळे ठोकले आणि मला मुखरूच्या पायात घातलं. मुखरू तलावावर मासे धरतो. चिखल, काटे, उन्हात तापलेली तलावाची पाळ, मी सगळं मुकाट्याने सोसलं. आधीचा जन्म ट्रकखाली गेलेला, मला एका माणसाच्या वजनाचं काय कौतुक!

मुखरू आणि त्याची बायको कमळा जाळी विणण्यात पटाईत. दोन हजार तीनच्या सुमारास एका संस्थेने त्यांना बेल्जियममधल्या गेंट शहरात नेलं. तिथल्या हस्तकलेच्या जत्रेत त्यांनी जाळं विणून दाखवायचं होतं. संस्थेचा भूपेश सोबत होता. त्याने मुखरूला नवे बूट घेऊन दिले आणि मी पिशवीत गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बूट चावरे निघाले. गेंटला पोचेपर्यंत मुखरूच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. पहिल्याच सकाळी बूट खाटेखाली गेले आणि मी बाहेर आले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. शहर पाहून घ्या, पण इथे रस्त्यात कोणी मोठ्याने बोलत नाही, तेव्हा आवाज खाली ठेवा, असं दोघांना बजावून भूपेश तयारीला निघून गेला. कमळाला विमान लागलं होतं, तिचं अजून आवरायचं होतं. मुखरूला मात्र नदी पाहायची घाई. मासे धरणाऱ्याला नव्या गावात आधी पाणी बघायचं असतं.

"मी पुढं होतो," तो तिला म्हणाला. "फाट्यावर डगाली ठेवत जातो. त्या पाहून मांगून ये."

आमच्या जंगलातली ही रीत आहे. पुढे गेलेला माणूस प्रत्येक फाट्यावर, आपण धरलेल्या वाटेवर पाल्याची डहाळी ठेवतो आणि वर दगड. मागचा ती पाहून येतो. मुखरूनेही झाडाखाली पडलेल्या डहाळ्या गोळा केल्या. दगडाची मात्र पंचाईत झाली. रस्ते दगडी, भिंती दगडी, पूल दगडी, पण सुटा दगड औषधालाही मिळेना. शेवटी त्याने वळणावळणावर फरशीच्या फटीत डहाळ्या खोचल्या.

रस्त्याचे दगड गोलसर आणि ओले होते. चांगले बूटवाले जपून पावलं टाकत होते. मी एकदाही घसरले नाही. उंच मनोरे झाले, घंटा झाल्या, रुळावरून जाणारी ट्राम झाली, आणि मग नदी आली. काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने मासा धरला, निरखून पाहिला आणि परत पाण्यात सोडला. मुखरू नकळत पाण्याकडे दोन पावलं पुढे सरकला. मग म्हाताऱ्याची नजर माझ्यावर पडली. मुखरूने पाय उचलून दाखवला, तशी वाकून त्याने तळाची टायरची नक्षी पाहिली आणि हसत अंगठा दाखवला. आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नकार. पण गडी हसत होता, म्हणून मी ती शाबासकी धरली. आयुष्यात मिळालेली तेवढीच.

कमळा काही येईना. मुखरू आल्या वाटेने मागे फिरला. पहिल्या वळणावर डहाळी नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती. पुढच्या गल्लीत एक गाडी गोल फिरणाऱ्या ब्रशांनी रस्ता झाडत पुढे चालली होती. पानगळीचे दिवस होते, पाला भरून नेणं तिचं कामच होतं. मुखरूच्या खुणाही तिने पाल्यात भरल्या होत्या.

वाट चुकत, भलत्याच गल्ल्यांतून तो कसाबसा मुक्कामी पोचला. खोलीला कुलूप होतं. म्हणजे कमळा निघाली होती, आणि तिला त्या शहराचा एक शब्द येत नव्हता. आता मुखरू पळत सुटला. इतक्या वर्षांत, समोर वाघ आला तेव्हाही, तो मला घेऊन असा पळाला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हातवारे करून लुगड्याचा पदर दाखवी. माणसं भली होती, पण त्यांना कळत नव्हतं. हाक मारावी तर आवाज खाली ठेवायचा होता.

तेवढ्यात चौकापलीकडून आरोळी आली. "मुखरूऽऽ!"

मित्रांनो, आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कमळाने लग्नापासून 'अवो' किंवा 'प्रफुलचे बाबा' याशिवाय हाक मारली नव्हती. आणि ती चर्चच्या पायरीवर उभी राहून, तोंडाशी हात धरून, साऱ्या गेंटला ऐकू जाईल असं त्याचं नाव घेत होती. डहाळ्या संपल्या तिथेच ती थांबली होती. 'अवो, अवो' करून दमली, तेव्हा तिने नाव काढलं.

मुखरू तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. दोघांनाही दम लागला होता.

"डगाली ठेवल्या नाई का तुमी?"

"ठेवल्या व. गाडीनं झाडून नेल्या."

"मंग मांगं पाहून काऊन नाई राह्यले?"

मग तिलाच भान आलं. नाव घेतलं, राग नका धरू, असं ती खाली पाहत पुटपुटली.

"राग कायचा?" मुखरू म्हणाला. "अजून एकदा घे."

तिने घेतलं नाही. पण मुक्कामापर्यंत दोघं शेजारी शेजारी चालली. मी त्यांच्या गावच्या वाटेवर असं कधी पाहिलं नव्हतं.

नंतर माझा पट्टा तुटला. प्रफुलने बापाला रबरी स्लिपर आणली आणि मी पडवीत कोपऱ्यात पडले. एक टाका घातला असता, तर मी अजून चार पावसाळे काढले असते. तुमच्या घरात अशी कोणी पडली असेल, तर तेवढं करा.

इथून तलावाची वाट दिसते. मुखरू अजून पुढेच चालतो, सवय जात नाही. पण फाटा आला की थांबतो आणि कमळा येईपर्यंत उभा राहतो. मित्रांनो, खुणा जरूर ठेवा, पण मागच्या माणसाला त्यांच्या भरवशावर सोडू नका. आम्हा चपलांना चालणं तेवढं येतं. थांबायचं तुम्हीच मनावर घ्यायला हवं.