घोड्याच्या पोटातलं पाणी

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चौकातल्या घोडेस्वाराच्या पुतळ्याचा मागचा डावा पाय तडकला. पुढचे पाय उचललेला तो ब्राँझचा घोडा दोन बोटं खाली बसला. त्याच्या पोटाखाली परांचीवर उभी राहून एक बाई पॉलिश करत होती. तिचा उजवा हात घोड्याचं पोट आणि परांचीची नळी यांच्यामध्ये अडकला. तिचा थोरला भाऊ, नगरपालिकेतला वेल्डर, खालीच होता.

नगरपालिकेच्या इंजिनिअरने क्रेन मागवली. "कागदावर वजन अडीच टन आहे. तेवढं पेलणारे पट्टे येतायत."

वेल्डर घोड्याच्या पोटाकडे पाहत होता. पूर्वी घोड्याच्या पोटाला खालून एक भोक होतं. पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस त्यातून धार लागायची आणि अख्खा चौक हसायचा. नगरपालिकेतल्या साहेबांना ते शोभेना. अकरा वर्षांपूर्वी वेल्डरने त्यात पितळी बूच पिळून बसवलं आणि शाबासकी घेतली. खोगिराच्या सांध्यातून पाणी आत झिरपायचं थांबलं नव्हतं.

"चिमणे, डाव्या हाताने पोटावर वाजव बघू," तो वर पाहून म्हणाला.

तिने वाजवलं. "भरल्या पिंपासारखं लागतंय, दादा. पार घोड्याच्या छातीपर्यंत. तुझाच पराक्रम ना?"

"माझाच."

इंजिनिअर वळला. "मघाशीच सांगायला काय झालं होतं?"

"आत्ता सांगतोय. पाण्यासकट उचलाल तर पट्टे तुटतील. ड्रिल लावाल तर हादऱ्याने घोड्याचा पाय जाईल."

दुसऱ्या कोणाचं वजन परांचीवर नको होतं. वेल्डरने बांबूच्या टोकाला पाना बांधून वर दिला.

"डाव्या हाताने मला धड कुलूप उघडत नाही."

"घाई नको. घड्याळाच्या उलट फिरव."

पाना दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी घोडा करकरला आणि तिने डोळे मिटून घेतले. वेल्डर परांचीखालून हलला नाही.

अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी बूच सुटलं. हिरवट पाण्याची करंगळीएवढी धार वेल्डरच्या खांद्यावर पडली.

"घे. झाला चालू तुझा घोडा," ती म्हणाली.

क्रेन चौकाच्या तोंडाशी उभी राहिली. पाणी उतरेपर्यंत घोड्याला पट्टा लावायचा नाही, असं ठरलं. पायाची भेग सकाळी केसाएवढी होती. आता तिच्यात नाणं जातं. बोटं हलतायत, असं बाई सांगते.

बारा वाजून पाच मिनिटांनी तिने पुन्हा पोट वाजवलं. आतलं पाणी अजून तिच्या अडकलेल्या हाताच्या कोपराच्या वर आहे.